लाटणं, अप्पा आणि झर्रर्र

अहो वहिनी, थांबा, कढीपत्ता मी तोडून देते. तुम्ही भिंतीवरून हात घालू नका, काचा लावल्यात वर. काल सकाळी आमच्या अंगणात एवढी गर्दी कसली होती, विचारत होतात ना? गाडी. दुसरं काय असणार!

त्याचं झालं असं, परवाच्या रविवारी आम्ही कासला निघालो. समर्थ मंदिरापर्यंत गाडी गुमान चालली. यवतेश्वरचा चढ लागला, ह्यांनी जरा ॲक्सिलेटर दाबला आणि खालून झर्रर्र! पाय काढला की बंद. दाबला की पुन्हा झर्रर्र. ह्यांचं तोंड दहावीच्या निकालाची वाट बघत बसल्यासारखं. कास राहिलं बाजूला, अर्ध्या घाटातून परत.

मग काय, जो तो डॉक्टर. माझ्या दिरांनी पुण्यात बसून मोबाइलवर आवाज ऐकला आणि सांगितलं, टर्बो गेला. अहो, आमच्या गाडीला टर्बोच नाही! उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्या किती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तर गाडी वर न उचलताच पुढची दोन्ही बेअरिंगं आणि इंजिनाचं माउंटिंग लिहून कागद हातात ठेवला. ११,००० रुपये.

कोपऱ्यावरच्या साहेबांचं माहीत आहे ना? कुणाला बोलू नका हं. गाडी वेग घेताना मागून ठण्ण व्हायचं, म्हणून त्यांनी मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले. तरी ठण्ण आहेच. दिवाळीच्या साफसफाईत सीटखाली सापडला नातीचा स्टीलचा डबा! वेग घेतला की मागे, ब्रेक मारला की पुढे. आत अर्धी पोळी, हिरवीगार.

तर शेवटी ह्यांना अप्पा आठवले. मागच्या घरातले हो, ३२ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलीत त्यांनी. सख्खे शेजारी, पण विचारायचं सगळ्यात शेवटी. हे त्यांच्यापुढे उभे राहून घशातून आवाज काढायला लागले. अप्पा म्हणाले, "तोंडानं वाजवू नका. कधी येतो ते सांगा. गार इंजिनाला येतो का? वळताना येतो का? उभ्या गाडीला येतो का?" ह्यांच्याकडे एकाचंही उत्तर नाही. दोन दिवस गावभर नकला केल्या, आणि एवढं साधं बघितलेलं नाही!

काल सकाळी इंजिन गार असताना अप्पा आले. मला स्टिअरिंगवर बसवलं. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलला, चाकांना विटा. "सूनबाई, हळूहळू रेस करा." केली. काटा २,००० च्या पुढे गेला आणि झर्रर्र! आणखी वाढवली, तर ३,००० ला गप्प. अप्पा खूश. "चाकं फिरलीच नाहीत आणि आवाज आला, मग बेअरिंगचा काय संबंध?" कागद तिथल्या तिथे रद्दीत.

बेअरिंग घूंऽऽ करतं म्हणे. गाडी जोरात जाईल तसं वाढतं, ॲक्सिलेटर सोडला तरी थांबत नाही, वळणावर कमीजास्त होतं. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना किंचाळतो तो पट्टा. चढावर वरच्या गिअरमध्ये दामटली की डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं, तेव्हा आधी गिअर खाली घ्यायचा. आणि ऑइलचा लाल दिवा लागून आतून ठक ठक आलं, तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद. पुढे एक फर्लांगसुद्धा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मग इंजिन बंद करून म्हणाले, "लाकडाचं काहीतरी आणा." मी गडबडीत लाटणंच आणलं. अप्पा पोतं अंथरून गाडीशेजारी आडवे. आत हात घालून सायलेन्सरच्या पाइपवर टक. काही नाही. वीतभर पुढे टक. काही नाही. आणखी पुढे टक, आणि झर्रर्र! गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, तीच ती गर्दी.

पाइपाच्या वर एक पातळ पत्रा असतो, पाइपाची धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून. बोल्टाभोवतीचं भोक गंजून एवढं मोठं झालेलं, की करंगळी जावी. पत्रा एका टोकाला मोकळा. आपला मिक्सर एक नंबरवर असला की फळीवरचं एकच झाकण वाजतं आणि दोनवर गप्प बसतं ना, तसंच हे. इंजिन ठरावीक फेऱ्यांना आलं की तो पत्रा नाचणार, पुढे गेलं की शांत.

हे म्हणाले, उपटूनच टाकू. अप्पा कडाडले, "आणि वरच्या वायरी, रबरी नळ्या भाजल्या की मग?" नाक्यापलीकडच्या गॅरेजातल्या पोरानं मोठा वॉशर घातला, पाइपाभोवती स्टीलची क्लिप आवळली. १५० रुपये घेतले. संध्याकाळी यवतेश्वरपर्यंत जाऊन आलो, एक चकार शब्द नाही गाडीचा. ह्यांचा मात्र रस्ताभर चालू होता, जणू लाटणं ह्यांनीच मारलं.

हा घ्या कढीपत्ता. लाटणं होय? घासून उन्हात ठेवलंय, पण सासूबाई त्याच्या पोळ्या खायला तयार नाहीत.

आणि एक, रागावू नका. भावोजी फाटकातून पूर्ण स्टिअरिंग मारून गाडी बाहेर काढतात ना, तेव्हा पुढून टक-टक-टक येतं. मी ओट्याशी उभी असते, रोज ऐकते. तो पत्रा नव्हे. अप्पांना विचारलं मी, ते म्हणाले चाकाजवळचा एक्सलचा सांधा, रबर फाटून ग्रीस उडालं असणार. पंढरपूरला निघायच्या आधी दाखवून घ्या हो.