कृष्णामाईचं वाचन

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत; ‘आयर्विनला किती फूट?’ एवढंच विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचं हे उत्तर ५७ च्या पुढं गेलं आणि कृष्णामाई जिल्हा नगर वाचनालयात शिरली. अनामत नाही, वर्गणी नाही, ओळखपत्र नाही. दीडशे वर्षांच्या संग्रहाला इतकी अधाशी वाचक क्वचितच लाभली असेल. पाणी ओसरलं, पुस्तकांचा लगदा उरला आणि त्या लगद्यातून एक शब्द कोरडाठाक वर आला: डिजिटायझेशन.

हा शब्द ठरावात फार शोभतो. पुस्तक काचेवर ठेवायचं, कळ दाबायची, पान उलटायचं, पुन्हा कळ. पान उलटणार कोण, असले क्षुद्र प्रश्न बैठकीत विचारायचे नसतात.

सरकारनं २०२२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं. पेढे वाटावेत अशीच बातमी! ‘ड’ वर्गातल्या गावच्या वाचनालयाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याचे नव्हेत, वर्षाचे. त्यातले निम्मे वेतनासाठी, म्हणजे महिन्याला २ हजार. एवढ्यात ग्रंथपालानं कुलूप उघडायचं, केर काढायचा, पेपर लावायचे, तपासणीसाठी दप्तर सजवायचं आणि उरल्या वेळात मराठी वाङ्मय अजरामर करायचं.

पुन्हा कायदा आहेच. लेखक जाऊन ६० वर्षं झाल्याखेरीज त्याचं पुस्तक सर्वांसाठी खुलं होत नाही. तेव्हा हयात लेखकांना ग्रंथालयाच्या भवितव्याची खरोखर कळकळ असेल, तर त्यांनी काय करायला हवं, हे आम्ही बोलून दाखवत नाही.

सातारा जिल्ह्याचं मात्र कौतुक करायला हवं. वाईत, याच कृष्णेच्या काठी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. आता सगळं संकेतस्थळावर फुकट. पण फुकट आणि तपासलेलं अशा दोन्ही अटी पुऱ्या करणारी माहिती आपल्याला पचत नाही. आपला विश्वकोश रोज सकाळी ‘सुप्रभात’च्या फुलांसोबत येतो, तोही ‘आला तसा पुढे पाठवला’ या संपादकीय टिपेसह.

याच जिल्ह्यातलं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं, शेजारी स्ट्रॉबेरी. पुढं योजना वाढली आणि सांगली जिल्ह्यातून अंकलखोपची निवड झाली. गाव कृष्णाकाठचंच. वाचकाला दूर जावं लागू नये, हा ग्रंथालय चळवळीचा मूळ हेतू इतका तंतोतंत कुणी पाळला नसेल.

आमचा डिजिटायझेशनला विरोध नाही. पूररेषेतल्या पुस्तकांची प्रत दुसऱ्या गावी असायलाच हवी, आणि ती प्रत त्याच वाचनालयाच्या तळमजल्यावर, त्याच कपाटात, पेनड्राइव्हमध्ये नसावी. फक्त यंत्राची निविदा निघेल तेव्हा पान उलटणाऱ्याचा पगारही त्याच कागदावर लिहा. नाही लिहिला तरी फार बिघडत नाही म्हणा. डिजिटल पुस्तकाला वाळवी लागत नाही. ती न उघडलेल्या स्कॅनरच्या खोक्याला लागते, आणि खोकं जडसंग्रह नोंदवहीत ‘सुस्थितीत’ असतं.