छपराखाली कोण बांधलंय?

चिनी लिपीत 'घर' लिहायचं तर आधी छप्पर काढतात आणि त्याखाली डुक्कर. माणसाचा पत्ताच नाही. पुण्यात चिनी भाषा शिकणारा आमचा भाचा सुट्टीत मोहाडीकडच्या घरी आला होता, त्याने हे सांगितलं. सांगत होता तेव्हा शेळीचं करडू ओसरीवर त्याच्याच वहीची दोन पानं चघळत होतं.

आजीने विचारलं, "मंग छपराखाली बैल काढला तं का होते?"

भाच्याने मोबाईल चाळला. तुरुंग होतो! त्या अक्षराचा अर्थ मुळात गोठा. पुढे चिन्यांनी त्यात माणसं कोंबली. आजीला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 साली कायदा करून ढोरांचा जेल काढला, त्याला कोंडवाडा म्हणतात. ओढाळ गाय कोणाच्या धानात शिरली की तिची रवानगी तिथे. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला की सुटका. वकील लागत नाही, हा या कायद्याचा मोठा गुण.

त्यानंतर भाच्याची सुट्टी जनावरांतच गेली. चिनी लोक गावरान कोंबडीला 'मातीची कोंबडी' म्हणतात, हे त्याने सांगितलं आणि आजीने मान डोलावली. पेइचिंगकडे तिला 'सरपणाची कोंबडी' म्हणतात. दक्षिणेला ग्वांगतुंगमध्ये ती 'जमिनीवर चालणारी कोंबडी' होते. बाकीच्या कोंबड्या कशावर चालतात असा प्रश्न पडला तर पोल्ट्रीत जाऊन पिंजरे पाहावेत. आणि ईशान्येकडे तिला चक्क 'बेअक्कल कोंबडी' म्हणतात. इथे मात्र आजी भडकली. "बेअक्कल? अन् मंग बॉयलर का वकील हाय?" तिचं खरं होतं. गावरान कोंबडी घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते, अंडी कोणाला सापडणार नाहीत अशा जागी घालते आणि संध्याकाळी न बोलावता खुराड्यात शिरते. बॉयलरला यातलं एक येत नाही. तरी हल्ली भंडाऱ्याच्या बाजारात गावरान म्हणून जे तोलून मिळतं, ते पुष्कळदा गिरिराज नाहीतर वनराज असतं. नावं राजांची, खुराडं सरकारी योजनेचं आणि भाव गावरानचा!

चिन्यांचा 'अर्या' नावाचा एक कोश आहे, दोन हजार वर्षांहून जुना. त्यातलं शेवटचं प्रकरण फक्त पाळीव जनावरांचं; रानातल्यांचं वेगळं. घोड्याचा पुढचा उजवा पाय पांढरा असेल तर एक शब्द, पुढचा डावा असेल तर दुसरा. मागच्या पायांची व्यवस्था निराळी. भाचा हे मोठ्या कौतुकाने वाचत होता. मला वाटलं, ज्याने हा कोश केला त्याचा बाप नक्की बैलबाजारात दलाल असणार.

कारण आमच्याकडेही असंच आहे. बैल विकायला उभा केला की दलाल आधी त्याचा ओठ वर करून दात बघतो. दोनदाती, चारदाती, जुळलेला. वय वर्षांत सांगणारा माणूस शहरातला समजावा. मग दुपट्ट्याखाली हातात हात जातो, बोटं दाबली जातात आणि चेहऱ्यावर मात्र दोघंही पाऊसपाण्याचं बोलत असतात. गायीचं तर विचारूच नका. कालवड, पहिलारू, गाभण, दुभती, भाकड, आणि भर सकाळी पान्हा चोरून वासरासाठी राखणारी ती वेगळी. म्हशीची वगार, शेळीची पाठ, अंड्यावर आलेली तलंग, अंड्यांवरून न उठणारी खुडूक. चिखलणीच्या बांधीत रुतत चालणारा तो हल्या. या शब्दांत कविता नाही, हिशेब आहे: कोण दूध देणार, कोण नुसतं खाणार.

जुन्या चिनीत आणखी एक सोय होती. जनावर पाळत असताना त्याला एक शब्द, आणि बळी द्यायला काढलं की दुसरा. ही सोय आजीने चिनी न शिकताच केलेली आहे. आमचा कोंबडा वर्षभर 'राजा' असतो. जावई येणार असा फोन आला की तिच्या तोंडी तो नुसता 'तो' होतो. "तो कोठं हाय? धान टाकलं का त्याले?" राजालाही हे कळतं असं माझं मत आहे, त्या दिवशी तो छपरावरून उतरत नाही.

या सगळ्यात सरकार कुठे बसतं, हे पशुगणनेत समजलं. 2019 च्या विसाव्या गणनेला लोक वह्यांऐवजी टॅब्लेट घेऊन फिरले. गायींना कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. ओळखीच्या बाबतीत गाय आणि गायीचा मालक आता बरोबरीने आले. आमच्या दारी आलेल्या पोराने आमच्या तांबडी गायीकडे पाहून तिची जात विचारली. कठाणी ही पूर्व विदर्भातली धानाच्या चिखलात काम करणारी जात. तिला नोंदणीकृत जातींच्या यादीत जागा मिळाल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. तेव्हा मात्र नव्हती, आणि तांबडी तर तिच्यातलीही नव्हे. पोराने बोट टेकवलं: नॉन-डिस्क्रिप्ट.

"म्हंजे?" आजी.

"म्हणजे जिचं वर्णन करता येत नाही अशी," मी म्हणालो.

"त्याले येत नसन. लिही बापू, मी सांगतो." आणि तिने पदर खोचून तांबडीच्या आजीपासून सुरुवात केली. कोणत्या बाजारातून आणली, कोणाच्या सांडाची, लाथ कधी मारते, कोणाला मारत नाही, पान्हा कोणाच्या हाताला सोडते. पोरगं बिचारं दोनदा "बरं आजी" म्हणालं. टॅब्लेटची बॅटरी संपली तेव्हा ती शिंगांपर्यंत पोचली होती.