नानांचे प्रस्थान

सकाळी पावणेसातच्या सुमारास, दूधवाला येऊन गेलेला आणि वर्तमानपत्रवाला यायचा असताना, पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात जी थोडीफार शांतता शिल्लक असते, तिचा भंग करण्याचा परवाना ज्यांनी स्वतःच स्वतःला बहाल करून घेतला आहे, अशा गृहस्थांचा एक वर्ग आहे. हे गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त असतात. सेवा सरकारी खात्यातली, आणि त्यातही पाटबंधारे किंवा बांधकाम खात्यातली असली तर लक्षणे अधिक ठळक दिसतात. त्यांची गाडी मात्र चार-पाच वर्षांची, सुदृढ प्रकृतीची, मालकाच्या मधुमेह-संधिवातादी व्याधींपैकी एकीचाही उपसर्ग नसलेली अशी असते. तरीही तिला झोपेतून उठवल्याबरोबर चालवणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे होय, अशी त्यांची अढळ श्रद्धा असते. नावाचा घोळ नको म्हणून आपण त्यांना नाना म्हणू. प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. एखादीत नसलेच, तर ते शेजारच्या सोसायटीत असतात आणि आवाज इकडे येतो.

नाना खाली उतरतात ते थेट गाडीत बसायला नव्हे. प्रथम काखेतले पिवळे फडके निघते आणि काचेवरचे जे दव वायपरच्या एका फेऱ्यात गेले असते, ते पुढून, मागून आणि दोन्ही आरशांवरून यथासांग टिपले जाते. मग बॉनेट उघडते. डिपस्टिक ओढून, पुसून, पुन्हा आत घालून, पुन्हा ओढून नाना ती उजेडाकडे धरतात आणि एखाद्या शिरस्तेदाराने जुन्या फेरफाराच्या उताऱ्यावरचा शिक्का खरा की बनावट हे पाहावे, तसे एक डोळा मिटून तिच्याकडे पाहतात. तेल कालच्यापेक्षा कमी झालेले नसते. ते परवाही कमी झालेले नव्हते. त्यानंतर आसनस्थ होणे, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची दांडा डावीउजवीकडे हलवून खात्री करणे, चावी अर्धी फिरवून सगळ्या दिव्यांची हजेरी घेणे, आणि मग सेल्फ. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू होते, हे नानांना मनातून फारसे रुचत नाही; जरा आढेवेढे घेण्यात जी खानदानी अदब असते ती या पिढीच्या गाड्यांत राहिली नाही. इंजिन सुरू होताच ते दार उघडे टाकून खाली उतरतात आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून सायलेन्सरमधून टपकणाऱ्या पाण्याच्या थेंबांचे निरीक्षण करीत उभे राहतात. मधूनच आत वाकून एक-दोनदा रेस देतात. तळमजल्यावरचे तान्हे मूल जागे होते. कोणी खिडकीतून डोकावलेच, तर नाना सौम्यपणे म्हणतात, “ऑइल वर चढायला नको का?”

या श्रद्धेला शास्त्राधार कधी नव्हताच, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. नानांचे वाहनशिक्षण झाले ते कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर हाती येणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर. तिला कार्ब्युरेटर होता, आणि कार्ब्युरेटरला स्वभाव होता. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थेंबाथेंबानेच आत जाते, मिश्रण पातळ पडते आणि गाडी फाटकापाशी दोन गचके खाऊन बंद पडते. त्यावर इलाज चोकचा. तो ओढला की हवेची वाट अरुंद होई, मिश्रणात पेट्रोल वाढे आणि गाडी कशीबशी धडधडू लागे. मग तो किती वेळाने आणि किती आत ढकलायचा, हे ज्याचे त्यालाच कळे. घाई करावी तर इंजिन बंद, विसरावे तर प्लग काळे. तेलही त्या काळी बहुधा एकाच ग्रेडचे, थंडीत चांगलेच घट्ट होणारे. अशा गाडीपाशी पाच मिनिटे तिष्ठत उभे राहणे हा शहाणपणा होता, आणि नाना तेव्हा खरोखरच शहाणे होते.

पुढे २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरची सद्दी संपली. आता इंजिनातल्या पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान सेन्सर मोजतात, आणि पेट्रोल किती फवारायचे याचा हिशेब एक लहानसा संगणक ठेवतो; तो हा हिशेब नानांना न विचारता ठेवतो, हे त्याचे अक्षम्य औद्धत्य. तेलाचा तांबडा दिवा सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंदांत विझतो, म्हणजे तेलाचा दाब आला, ऑइल वर चढले. त्यापुढे फार तर अर्धे मिनिट थांबावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवावे. इंजिन उभ्यापेक्षा चालतानाच लवकर तापते, आणि गिअरबॉक्स, बेअरिंगे व टायर तर उभ्या गाडीत तापतच नाहीत. उलट थंड इंजिनाला पेट्रोल जादा मिळत असल्यामुळे ते नुसतेच चालू ठेवले, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या अंगचे तेल धुऊन काढते आणि खालच्या तेलात मिसळते. म्हणजे ज्या झिजेच्या भयाने नाना हा सारा खटाटोप करतात, तिलाच ते रोज सकाळी अगत्याचे आमंत्रण देतात. हे मी त्यांना सविस्तर सांगून पाहिले. त्यांनी ते मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतले आणि म्हणाले, “असेल. पुस्तकात असेल.”

नानांशी वाद घालणाऱ्याने सगळे दप्तर बरोबर घेऊन यावे. पुण्यात इंजिन गोठण्याइतकी थंडी असते कुठे, असे विचारावे, तर १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हा दाखला ते तत्काळ रुजू करतात. चर्चा एप्रिलात चालली आहे, या गोष्टीने त्या दाखल्याचे वजन कमी होत नाही. एसटीच्या डेपोत पहाटे गाड्या किती वेळ चालू ठेवतात, हा त्यांचा दुसरा पुरावा. तिथे चालक थांबलेला असतो तो ब्रेकच्या हवेसाठी; टाक्यांत पुरेसा दाब भरल्याशिवाय ती बस हलवता येत नाही. नानांच्या गाडीचे ब्रेक तेलावर चालतात. “मग तेलाला नको का दाब?” असे नाना विचारतात, आणि आपण घरी परततो.

त्यातच गाडी बनवणाऱ्यांनी नानांच्या हाती आयते कोलीत दिले आहे. अलीकडच्या कित्येक गाड्यांत तापमानाचा काटा काढून टाकला असून इंजिन थंड असेपर्यंत एक निळा दिवा लागतो. तो दिवा इंजिन थंड आहे एवढेच सांगतो. गाडी हलवू नका, असे सांगत नाही. परंतु खात्यात हयात गेलेल्या माणसाला दिवा म्हणजे हुकूम.

नानांची कन्या जर्मनीत स्टुटगार्टला असते. उभी गाडी विनाकारण चालू ठेवण्यास त्या देशात वाहतुकीच्या नियमांनी मनाई आहे, आणि इंजिन तापवणे हे तिथे कारण समजले जात नाही, दंड होतो. नाना तिच्याकडे गेले होते तेव्हा ऐन जानेवारीत, पारा शून्याखाली असताना, जावयांनी काचेवरचे बर्फ खरवडले, गाडी सुरू केली आणि पट्टा लावून होताच ती रस्त्यावर आणली. मागल्या आसनावर नानांनी डोळे मिटून घेतले होते. गाडीला काही झाले नाही. “त्यांची इंजिने वेगळी,” असा अहवाल नानांनी परत आल्यावर दिला. त्यातल्या काही गाड्या चाकणलाही तयार होतात, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु चाकणच्या हवेत गुण बदलतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

या सगळ्या प्रकरणात खऱ्या यंत्रज्ञ काकू आहेत. थंड इंजिन सुरुवातीला चढ्या सुरात चालते आणि तापत आले की सूर खाली येतो. नानांनी खालून किती हाका मारल्या तरी काकू तिसऱ्या मजल्यावर निवांत कॉफी घेत बसलेल्या असतात. तो सूर उतरला की कप विसळतात, पिशव्या घेतात, चपला घालतात, आणि त्या खाली पोहोचायला व निळा दिवा विझायला एकच गाठ पडते. मग गाडी निघते, आणि चौकापलीकडच्या भाजीवाल्यापाशी जाऊन थांबते.

तळमजल्यावरच्या सभासदांना हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत काढायचा असल्यास माझी एक सूचना आहे. “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय” या सदरावर त्यांनी विसंबून राहू नये, कारण अध्यक्ष नानाच आहेत. विषय मुदतीत, लेखी द्यावा, आणि नानांना कुंपणालगतची, सायलेन्सरचे तोंड रस्त्याकडे होईल अशी जागा द्यावी, एवढेच मागावे. इंजिन तापवणे बंद करा, अशी मागणी मात्र कोणी करू नये; ती मंजूर होणार नाही.