वर्गणीचा आकडा रोज वेगळा का येतो? (नवशिक्यांसाठी)

साहित्य: सोसायटीच्या गणपतीचा डेटाबेस, एक लॅपटॉप आणि कालचा आकडा तोंडपाठ असलेले खजिनदार. खजिनदारांशिवाय चूक सापडतच नाही, म्हणून त्यांना आधी बसवून घ्यावं.

आकडा जुळला नाही की तीच क्वेरी पुन्हा चालवावी. का, ते विचारू नये. लिफ्टचं बटणही आपण दोनदा दाबतोच. मग 'सर्व्हरमध्येच गडबड आहे' असं मोठ्याने म्हणावं. इथवर सगळ्यांना जमतं.

बेरीज पेटीतल्या रोकडीपेक्षा जास्त आली तर आनंद आवरावा. पावत्यांचं टेबल तुम्ही पार्किंगच्या टेबलाशी जॉइन केलेलं असणार. कार आणि स्कूटर दोन्ही असलेल्या घराची ५०१ची पावती दोन ओळींत येते आणि १००२ होते. ज्यांच्याकडे वाहनच नाही, ते इनर जॉइनमध्ये गळतात. कधी या दोन चुका एकमेकींना झाकून घेतात आणि बेरीज जवळपास बरोबर येते. त्या दिवशी सर्वांत जास्त घाबरावं. बेरजेआधी ओळी मोजाव्यात: पावत्या ८४ आणि जॉइननंतर ओळी ९७, तर तिथेच थांबावं.

'पहिले दहा देणगीदार' मागताना ऑर्डर बाय विसरलात, तर मिळतील ते कुठलेही दहा. टेबलातल्या ओळींना क्रम नसतो. कॉडने १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हापासूनच नाही.

तारखांचा घोळ मात्र निवांत बसून पाहण्यासारखा. १ ते ३१ ऑगस्ट असं 'बिटवीन' लिहिलं आणि रकान्यात वेळही असेल, तर ३१ तारीख म्हणजे त्या दिवसाच्या सुरुवातीचा रात्री बाराचा ठोका. सकाळी दहाला पैसे देणारे बाद. '१ सप्टेंबरच्या आधी' असं लिहावं. शिवाय वेळ यूटीसीत साठवली असेल, तर ती आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे चारला पैसे पाठवणारे सभासद (प्रत्येक सोसायटीत एक असतातच) आदल्या तारखेत जातात.

आता अवघड धडा. वर्गणी न दिलेल्यांची यादी हवी, म्हणून तुम्ही लिहिता: ज्यांचा फ्लॅट नंबर पावत्यांच्या यादीत 'नॉट इन', ते सगळे. काल सहा नावं आली होती. आज एकही नाही. सगळ्यांनी वर्गणी दिली म्हणून पेढे मागवू नयेत. काल रात्री कोणीतरी फ्लॅट नंबर न टाकता पावती फाडली आहे आणि त्या रकान्यात नल बसलाय. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. मग डेटाबेस विचार करतो: ३०२ नंबर यादीत नाही? सांगता येत नाही, ती बेवारशी पावती कदाचित त्यांचीच असेल. ४०४? कदाचित त्यांचीही. असा प्रत्येकाला संशयाचा फायदा मिळतो. एका पावतीने अख्खी इमारत निर्दोष सुटते, आणि एररही येत नाही.

उपाय: 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहावं. यादी परत येईल. तिच्यात पहिलंच नाव अध्यक्षांचं निघालं, तर जुनी क्वेरी डिलीट करण्याची घाई करू नये.