शटर पडल्यावरचे आजीवन सदस्यत्व

जिमचे वार्षिक सदस्यत्व हे व्यवहारात बिनव्याजी कर्ज असते. देणाऱ्याला ते ठाऊक नसते, घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते. वर्षाचे पैसे जानेवारीत दिले जातात, व्यायाम बारा महिने करायचा असतो आणि मधल्या काळात ती रक्कम जागेचे भाडे, एसीचे वीजबिल नि नव्या शाखेची अनामत यांत फिरत राहते. सरकार मात्र थांबत नाही. आगाऊ फीवरचा जीएसटी फी घेतानाच लागू होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांऐवजी ५ टक्के आहे, एवढाच काय तो दिलासा. धंद्याचे सारे गणित न येणाऱ्यांवर चालते. पन्नास माणसे मावतील अशा जागेत पाचशे सदस्य नोंदवता येतात, कारण त्यांतल्या बहुतेकांचा संकल्प तिळगुळाबरोबरच संपतो. रोज येणारा सदस्य त्यामुळे थोडा गैरसोयीचाच.

जिम एका रात्रीत बंद पडत नाही. आधी एसी जातो, मग पगार थकल्यामुळे ट्रेनर जातो, मग प्यायचे पाणी. नेमकी याच सुमारास मोठी ऑफर येते: एका वर्षाच्या पैशात दोन वर्षे, थोडे जास्त भरल्यास आजीवन. कोणाचे जीवन, हे पावतीवर लिहिलेले नसते. शेवटी शटरवर ‘नूतनीकरणासाठी बंद’ असा कागद लागतो. नाव मोठे असले म्हणून हे टळते असेही नाही. २०१० मध्ये शेअर बाजारात उतरलेल्या तळवलकर जिम समूहाने २०१९ मध्ये रोख्यांवरचे व्याज थकवले होते. जुन्या तालमीत हा प्रश्न उद्भवत नसे. तिथे आगाऊ फी नव्हती आणि वस्तादाला त्याच गल्लीत राहायचे असे.

पावतीवर ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ हे वाक्य हमखास असते. व्यवस्थापन ते कायद्याचे कलम असल्यासारखे वाचून दाखवते. प्रत्यक्षात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार सदस्य राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. अनेक सदस्यांना आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करता येते. जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा पहिला विधायक उपयोग बहुधा इथेच होतो. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा सांगतो. तारखा हा वेगळा व्यायाम आहे. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. त्यासाठी मालक सापडावा लागतो.

मालक कोण, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. गल्लीतली जिम बहुधा एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीतली असते आणि तिथे मालकाची घरची मालमत्ताही देण्यात धरता येते. कंपनी असली तर हातात कंपनीच उरते. ती दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली की वसुलीच्या कारवाया थांबतात आणि सदस्याला आपला दावा ती प्रक्रिया चालवणाऱ्या तज्ज्ञाकडे दाखल करावा लागतो. दावे मागवणारी जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात येते, म्हणजे ज्या पानावर पोहे ठेवले जातात त्यावर. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली की आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणधारक बँका आणि कामगार, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार. त्यानंतर ‘उरलेली देणी’ येतात आणि सदस्य तिथे उभा असतो. त्याच्या मागे फक्त भागधारक. घर घेणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा २०१८ मध्ये त्यांना वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या बरोबरीचे, मानले गेले. डंबेल्स उचलणाऱ्यांनी अजून तेवढा आवाज केलेला नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने माणसाच्या भल्या स्वभावावर विसंबायचे टाळले आहे. तिथे आगाऊ पैसे घेणाऱ्या हेल्थ क्लबला राज्याकडे किमान २० हजार डॉलरचे तारण ठेवावे लागते, करार तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतो आणि क्लब बंद पडून दहा मैलांच्या आत पर्यायी जागा दिली नाही तरीही करार मोडता येतो. भारतात जिमसाठी असे तारण नाही. दुकानाच्या बोर्डाची भाषा आणि अक्षरांचा आकार यांचे नियम मात्र काटेकोर आहेत.

तोवर उपाय घरगुतीच. महिन्याचे पैसे महिन्याला द्यावेत; सूट सुटेल, पण मुद्दल वाचेल. फी बँकेच्या हप्त्यांवर भरली असेल तर जिम बंद पडल्यावरही ते हप्ते आपोआप बंद होत नाहीत, म्हणून बँकेला लगेच लेखी कळवावे. कार्डाने पैसे दिले असतील तर तिथेही वाद नोंदवता येतो, पण मुदत थोडी असते. यूपीआयचा ऑटोपे स्वतःच रद्द करता येतो. पावतीचा फोटो, त्यावरचा जीएसटी क्रमांक आणि शटरवरचा कागद जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षे.