सोसायटी कोसळल्यास: सभासदांसाठी मार्गदर्शिका

(सर्व सभासदांनी वाचून सही करावी. वाचले नसल्यासही सही करावी.)

प्रास्ताविक

जिन्याखालच्या फलकावर ‘सोसायटी कोसळल्यास काय करावे? तातडीची बैठक’ अशी सूचना लागताच २८ पैकी २६ सदनिकांचे सभासद हजर झाले. एवढी गर्दी गणपतीच्या महाप्रसादालाही होत नाही. पहिला प्रश्न आला, “कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार?” दुसरा, “बांधकाम होईपर्यंतचं भाडं बिल्डरच देणार ना?” इथे सोसायटी म्हणजे आपली इमारत नव्हे, तर वीज, पाणी, बाजार, बँका, पोलीस ही सगळी घडी विस्कटली तर काय, असा विषय आहे, हा खुलासा करताच सहा जण उरले. त्यातले दोघे पंख्याखालची जागा सुटेना म्हणून बसले होते. बाकीच्या चौघांची ‘आपत्ती पूर्वतयारी उपसमिती’ झाली. प्रस्तुत मार्गदर्शिका तिचे फलित आहे.

१. कोसळले, हे ओळखावे कसे?

जग बुडताना आधी भोंगा वाजेल, मग टीव्हीवर कोणीतरी गंभीर चेहऱ्याने बोलेल, अशी बहुतेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात आधी पंखा बंद पडतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. वीज त्याच दिवशी परतू लागली, म्हणून ती फक्त बातमी झाली.

वीज परतलीच नाही तर पुढचा क्रम सभासदांनी पाठ करून ठेवावा. लिफ्ट थांबते. लिफ्टला जनरेटर आहे, जनरेटरला डिझेल लागते, डिझेल पंपावर मिळते आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ते वर ओढायला वीज लागते. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात. ते गेले की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात. एटीएमचा दिवा विझलेला असतो. मग कोपऱ्यावरचा वाणी आठवतो. तो उधार देतो, पण ओळखीच्यांना. दहा मिनिटांत घरपोच सामान येऊ लागल्यापासून आपण त्याच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही, हे त्याच्या बरोबर लक्षात आहे.

२. साठ्याची तपासणी

उपसमितीने सभासदांचे माळे तपासले. आढळलेल्या वस्तू: एसीचे रिकामे खोके (वॉरंटी संपली तरी), तीन जळके मिक्सर, थर्माकोलचे मखर, लग्नातली पत्र्याची ट्रंक, आणि ३०२ मध्ये एक पितळी स्टोव्ह. स्टोव्ह पाहून उपसमिती भारावली. मात्र त्याला रॉकेल नाही, वॉशर सुकलेला, आणि पिन कुठे आहे हे फक्त सासूबाईंना ठाऊक होते. त्यांना जाऊन आठ वर्षे झाली.

खाद्यसाठा त्या मानाने दणकट निघाला. कैरीचे, लिंबाचे, मिरचीचे लोणचे. पोह्याचे आणि उडदाचे पापड, कुरडया, सांडगी मिरची, मेतकूट, जवसाची, कारळ्याची अशा दोन चटण्या. निष्कर्ष असा: तोंडी लावायला दोन वर्षे पुरेल एवढे आहे. कशाला लावायचे, ते पाच दिवसांचे आहे.

हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम तांदूळ किंवा गहू सुमारे साडेतीनशे कॅलरी देतो. माणशी रोज अर्धा किलो धरले तर चौघांना दोन किलो. दहा किलोची आट्याची पिशवी पाच दिवसांत उताणी. आपल्या आज्या वर्षाचे धान्य भरत. गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात. कोकणात आगोट भरल्याशिवाय पावसाला सामोरे जात नसत. त्यांना कोणी आपत्ती व्यवस्थापन शिकवले नव्हते. चार महिने रस्ता बंद असतो, एवढेच माहीत होते. आपला रस्ता कधी बंद होत नाही या भरवशावर आपण कणग्या काढल्या आणि तिथे शू-रॅक ठेवला.

३. पाणी

शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे, असा आपल्याकडचा नियोजनाचा मापदंड आहे. म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ बादल्या. युद्ध किंवा भूकंपानंतरच्या छावण्यांसाठी मदतसंस्था माणशी किमान पंधरा लिटर धरतात. म्हणजे एक बादली. सभासदांनी आजपासूनच आठ बादल्या विसरण्याचा सराव करावा.

गच्चीवरची टाकी वीस हजार लिटरची. इमारतीत साधारण शंभर माणसे. रोजच्या वापराने ती दीड दिवस पुरेल. पण पुरणार नाही, कारण ‘पाणी जाणार’ ही बातमी पहिल्या मजल्यावरून सातव्यावर पोचेपर्यंत पिंप, बादल्या, टोप, कुकर, इडलीपात्राचा तळ आणि फुलदाण्या भरून झालेल्या असतात. तहान लागायच्या आधीच भीतीने टाकी रिकामी होते. तळटाकीत पाणी असते. पण ते वर चढवणारी मोटर विजेवर चालते. (प्रकरण १ पुन्हा वाचावे.)

आवारात बोअर आहे. तिच्यावर हापसा होता. सोलापुरात घडलेल्या पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा सत्तरच्या दशकात तयार झाला. कोणीही हापसावा, असे हे मजबूत यंत्र देशोदेशी गेले. आपल्याकडचे मात्र पाहुण्यांच्या गाड्या लावायला अडचण होते म्हणून बहुमताने काढून भंगारात दिले. आलेल्या पैशांतून ‘नो पार्किंग’ची पाटी करण्यात आली.

ज्येष्ठ सभासद अशा वेळी पानशेतची आठवण काढतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. पूर ओसरल्यावर पुण्याला कळले, की घरात चिखलाचे पाणी गळ्यापर्यंत येऊन गेले, प्यायला मात्र घोटभर नाही. तेव्हा वाड्यावाड्यांतल्या विहिरी आणि आड कामाला आले. त्या आडांवर आता जिने, दुकाने आणि आपल्यासारख्या इमारती आहेत.

तांत्रिक सूचना: गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावेच लागते. उकळण्यासाठी प्रकरण २ मधला स्टोव्ह पाहावा. पिन सापडल्यास उपसमितीला कळवावे.

४. कौशल्यांची नोंदवही

प्रत्येक सभासदाने ‘मला काय येते?’ हा रकाना भरून दिला. सॉफ्टवेअर: अकरा जण. गुंतवणूक सल्ला: चार. सावरडो ब्रेड: एक (ओव्हन असल्यास). दर रविवारी सिंहगड: सात. या सातांची बरीच आशा होती, पण चौकशीअंती वरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही वगळता गडाशी त्यांचा संबंध नाही, आणि ते रांधणाऱ्या मावशी आपल्या सभासद नाहीत. मॅरेथॉन धावणाऱ्या ५०४ च्या सभासदांना पाण्याची एक बादली सातव्या मजल्यावर न्यायला सांगितले. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी घड्याळात नाडीचे ठोके पाहिले आणि बादली तिथेच ठेवली.

चूल पेटवणे: एक. ६०१ च्या आजी, वय ८२. प्रात्यक्षिकासाठी त्यांना गच्चीवर खुर्चीत बसवून आणले. त्यांनी विटा पाहिल्या, लाकडे हाताने तोलली आणि म्हणाल्या, “ही ओली आहेत. आणि गोवऱ्या कुठायत?” त्यावर एका सभासदाने ऑनलाइन शोध घेतला. मिळतात, पूजेच्या सदरात, बाराच्या पाकिटात, तीन दिवसांत घरपोच.

५. पर्यायी योजना: ‘गावी जाऊ’

‘तुमची योजना काय?’ या प्रश्नाला जवळजवळ सर्वांचे उत्तर एकच: “काहीच नाही जमलं तर गाव आहेच की!” उपसमितीने या योजनेचा खोलात जाऊन अभ्यास केला.

गाव आहे, म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे. त्यावर आणखी सोळा नावे आहेत. पैकी पाच हयात नाहीत, चार परदेशात, आणि सहा आपल्यासारखेच कुठल्यातरी सोसायटीत ‘गाव आहेच की’ म्हणत बसलेले. उरला एक, चुलतभाऊ. जमीन तो कसतो, गोठा तो सांभाळतो, बांधावरचा आंबाही तोच राखतो. त्याच्याशी आपले शेवटचे बोलणे मोजणीच्या दिवशी, भूमापकासमोर झाले, आणि ते इथे छापण्याजोगे नाही.

शिवाय या योजनेची एक तालीम होऊन गेली आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री आठला २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि ओंडके टाकून रस्ते अडवले. कोकणात पोचलेल्या चाकरमान्यांचा मुक्काम आधी गावच्या शाळेत पडला. ज्या शाळेच्या छपरासाठी वर्गणी मागायला आलेल्या मंडळींना आपण ‘आईंना विचारून सांगतो’ म्हणालो होतो, त्याच छपराखाली.

म्हणून या योजनेसाठी लागणारे साहित्य: दिवाळीला एक फोन, वहिनींसाठी एक लुगडे, आणि मोजणीचा अर्ज मागे घेतल्याची पोच. गाडीत डिझेल भरून ठेवण्यापेक्षा हे जास्त लांब नेते.

६. निर्णयप्रक्रिया

समाजव्यवस्था कोसळल्यास तातडीची सर्वसाधारण सभा बोलावण्यात येईल. गणसंख्येअभावी ती तहकूब होईल व अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल. त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. सभासदांचीही राहील की नाही, सांगता येत नाही.

७. रंगीत तालीम व अहवाल

तालमीसाठी गुरुवार निवडला. आपल्या शहरात अधूनमधून दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असते. आपण ते उत्तम निभावतो, याचा उपसमितीला अभिमान होता. बुधवारी रात्री भांडी भरतात, गुरुवारी पोळी-भाजी केळीच्या पानावर होते, आणि शुक्रवारी, छापून येते त्याप्रमाणे, ‘उशिरा व कमी दाबाने’ पाणी येते. तालमीत एक गोष्ट ध्यानात आली: आपली सगळी तयारी गुरुवारपुरती आहे. पिंप, पापड, पॉवर बँक, सगळे काही शुक्रवार येणार हे धरून मोजलेले आहे.

या वेळी शुक्रवारी दहा वाजले तरी नळ फुसफुसतच होते. उपसमिती गल्लीच्या टोकाला गेली. तिथे लोखंडी झाकण उघडून एक गृहस्थ खड्ड्यात वाकले होते. शेजारी स्कूटर, हातात कमरेइतकी उंच चावी. तिचे आडवे दांडे धरून त्यांनी आठ-दहा फेरे दिले. खालून घरघर झाली. अठ्ठावीस घरांचा शुक्रवार त्या घरघरीतून आला.

“उशीर झाला,” उपसमितीचे अध्यक्ष अधिकाराने म्हणाले.

“माझ्याकडं मंगळवारपासनं नाही,” ते म्हणाले. “टँकर येईल तवा खरं. घरी ड्रम दोन हायेत, तेवढ्यात भागवतो.”

“चार दिवस? मग कसं जमवता?”

त्यांनी झाकण लावले, पायाने दाबून पाहिले. “जमवायचं काय त्यात? डाळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासला. शेजारचा ड्रम संपला तर आपला उघडायचा, आपला संपला तर त्यांचा. टँकर आला की पोरं सगळ्यांच्या कळशा नंबरात लावत्यात.” स्कूटरला किक मारून ते पुढच्या गल्लीतल्या झाकणाकडे गेले.

मार्गदर्शिकेची पहिली सहा प्रकरणे मागे घ्यावीत, असे एका सदस्याने सुचवले. छपाईचा खर्च झालेला असल्याने ती तशीच ठेवण्यात येत आहेत.

ठराव क्र. १: सदर गृहस्थांस उपसमितीचे मानद सल्लागार नेमावे. सूचक, अनुमोदक: सर्व. त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नसल्याने ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब.

ठराव क्र. २: हापसा परत बसवावा. पार्किंगचा प्रश्न उपस्थित झाल्याने तहकूब.