किल्ल्याची माती

घरी परतले तेव्हा माझं एक भाषण तयार होतं. यमाच्या दारातून माघारी आलेल्या बाईला शोभेल असं, मध्ये दोन ठिकाणी खिडकीबाहेर बघत थांबायची सोय असलेलं. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकू मास्क लावून दारात उभ्या राहिल्या. "त्या पाच दिवसांत मला..." एवढं मी म्हणते तोच त्यांनी स्वतःच्या पित्ताशयातले खडे बाहेर काढले. एकूण एक. जाताना पपईच्या पानांचा रस ठेवून गेल्या. भाषण राहिलं ते राहिलंच.

तसं माझं दुखणं फार रुबाबदार नव्हतंच. तिसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप १००.४ च्या वर गेला, आणि अशा वेळी गोळी घेऊन पांघरुणात शिरायचं नसतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. गाठलं. आता कोशिंबीर बंद, डोक्यावर केस नाहीत आणि तोंडात सदैव रुपयाचं नाणं ठेवल्यासारखी चव.

पण मिरवायला माझ्याकडे एक गोष्ट होती: माझं लाल औषध. रंग थेट कोकम सरबताचा. "लघवी लाल झाली तर घाबरू नका," असं नर्सनं बजावलं होतं. मी नाही घाबरले, हे घाबरले. तर या डॉक्सोरुबिसिनचं मूळ इटलीतल्या एका किल्ल्यापाशी आहे! कास्तेल देल मोन्ते. १३ व्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं बांधलेला. १९५० च्या दशकात तिथल्या परिसरातली माती संशोधकांनी तपासायला नेली, तिच्यात एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून आधी एक लाल औषध निघालं, मग त्या जिवाणूत थोडा बदल घडवून माझं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन म्हणू लागले. आमच्या सासरी किल्ल्याची माती कपाळाला लावणारे पुष्कळ झाले. शिरेतून घेणारी मी पहिली. हे मी दूधवाल्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "उद्या अर्धा लिटरच का?"

आमचे हे मात्र सगळं ऐकून "वा!" म्हणाले.

इथे माझ्या काळजात चर्र झालं. शंभरावर किल्ले पायांखाली घातलेला माणूस. राजगड थोर की रायगड, यावरून आमचा बत्तीस वर्षं वाद. एकदा त्यापायी दोन दिवस अबोला झाला होता. आणि परदेशातल्या एका किल्ल्याला नुसतं "वा"? खात्री करून घ्यावी म्हणून मी म्हटलं, "राजगडाचं लोक उगाच कौतुक करतात." हे माझ्या पायावरची चादर नीट करत म्हणाले, "तसंही असेल."

रिपोर्ट वाचताना मी घाबरले नव्हते. तेव्हा घाबरले. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं असेल, याचा विचार करत रात्रभर पंख्याकडे बघत पडले. घरात कुणी माझ्याशी भांडत नव्हतं. मुलगा रिमोट आपणहून हातात देत होता. चव कळत नसताना हट्टानं चार दिवस आमटी मी केली, ती सगळ्यांनी खाली मान घालून भुरकली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्या बाबतीत यांनी जरा लवकरच सुरुवात केली होती.

सकाळी हे चहा घेऊन आले, पण कप ठेवेनात. डोळे तारवटलेले. रात्री मोबाइलवर काहीतरी वाचत होते म्हणे.

"अगं, तुझ्या त्या किल्ल्याला बुरूज आठ आहेत, पण खंदक नाही. खंदक नाही त्याला किल्ला कसं म्हणायचं? बंगला आहे तो."

"डोंगरी किल्ल्याला खंदक कशाला लागतो हो? नावातच डोंगर आहे त्याच्या!"

"टेकडी आहे टेकडी!"

हे तरातरा स्वयंपाकघरात निघाले. मागोमाग मीही, भिंत न धरता.

"आणि आमटीबद्दल काही म्हणायचं असेल तर तेही आत्ताच म्हणा!"

"खारट," आतून आवाज आला. "मंगळवारपासून."